कुमाऊंत चीर फेजंट दिसला (थांबा, आधी प्रतिसाद वाचा)

टकाचोर | २ फेब्रुवारी, रात्री १०:४०

गेल्या महिन्यात कुमाऊंत सहा दिवस पाखरं बघून आलो. बेत इथल्याच जुन्या धाग्यांवरून आखला होता, म्हणून वृत्तांतही इथेच. चौघं होतो. दुर्बिणी चौघांकडे, मोठी लेन्स एकाकडे आणि स्कोप माझा. म्हणजे ट्रायपॉड वाहायचं कामही माझंच.

"ऐन जानेवारीत डोंगरात कशाला?" हे ओळखीतल्या प्रत्येकाने विचारून झालं. कारण सोपं आहे. जी पाखरं बघायला उन्हाळ्यात तीन-साडेतीन हजार मीटरवर धापा टाकत चढावं लागतं, ती हिवाळ्यात आपणहून खाली उतरतात. थंडी त्यांना पिसांमुळे सोसते, उपास सोसत नाही. वर किडे संपतात, जमीन बर्फाखाली जाते, पाचोळा उकरून खाणाऱ्या कस्तुरांना उकरायला पाचोळाच उरत नाही. मग सगळी वरात सातताल, भीमतालच्या बाजूला येते.

पहिले दोन दिवस सातताल, साधारण १४०० मीटर. ओढ्याच्या घळीत ऊन पोचायला नऊ वाजतात. तोवर आपण एखाद्या गोठलेल्या चित्रात उभे आहोत असं वाटतं आणि हातमोज्यातली बोटं आपली राहत नाहीत. मग वरच्या उतारावर उन्हाची पट्टी पडते आणि तिथून हळूहळू एकेक आवाज सुरू होतो. मिश्र थवा आला की पाच मिनिटं नुसता गोंधळ: ब्लॅक-थ्रोटेड टिट, ग्रीन-बॅक्ड टिट, यलो-बेलीड फॅनटेल (दिसायला आपल्या नाचणासारखा, नात्यात मात्र नाही), खोडावर उलटा चालणारा नटहॅच, मागून एखादा सुतार. चार माणसं चार दिशांना बोटं दाखवतात आणि थवा निघून गेल्यावर कळतं की चौघांनी चार वेगळी पाखरं पाहिली.

ओढ्यावर चेस्टनट-हेडेड टेसिया दिसला. लिंबाएवढा जीव, विटकरी डोकं, पिवळं पोट, शेपूट जवळपास नाहीच. चाळीस मिनिटं आवाज ऐकत बसलो तेव्हा तीन सेकंद बाहेर आला. लाँग-बिल्ड थ्रश मात्र निवांत होता, चिखलात चोच खुपसून काहीतरी उकरत. चोचीला लागलेला चिखल फोटोतही दिसतोय. गोल्डन बुश रॉबिनने झुडपातून दोनदा डोकावून आमची बोळवण केली. संध्याकाळी टॉनी फिश आउल, पाण्यावर वाकलेल्या फांदीवर, कान पिंजारून. चौघंही एक शब्द बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी चाफीला नदीवर क्रेस्टेड किंगफिशर आणि ब्राउन डिपर. डिपर बुडी मारून तळाच्या दगडांवरून चालतो हे वाचलं होतं. डोळ्यांनी बघितल्यावर पुन्हा पहिल्यापासून विश्वास ठेवावा लागला.

आता मुख्य गोष्ट. चौथ्या दिवशी नैनितालहून किलबरीच्या रस्त्याने पंगोटला जात होतो. दुपारचे साडेचार, उजेड पिवळा होत आलेला, दोन्हीकडे बांज (ओक) आणि बुरांसचं (ऱ्होडोडेंड्रॉन) दाट रान. एका वळणावर रस्त्याच्या कडेलाच चीर फेजंटची (रानकोंबड्यांच्या नात्यातला दुर्मीळ पक्षी) मादी! मागे झुकलेला तुरा, डोळ्याभोवती लाल कातडी, तपकिरी खवल्याखवल्यांचं अंग. पंधरा-वीस सेकंद थांबली आणि झाडीत गेली. एकच फोटो, तोही हललेला. ज्या पक्ष्यासाठी दोन पहाटा राखून ठेवल्या होत्या, तो गाडीतून उतरायच्या आत मिळाला.

पाचव्या आणि सहाव्या दिवशी पहाटे विनायक या ठिकाणी गेलो, पण खरं सांगायचं तर आता घाई नव्हती. अंधारात कोकलास (हाही एक फेजंट) ओरडत होते, ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं. चीर दिसला नाही. आदल्या दिवशी मिळालाच होता, म्हणून साडेआठला आवरतं घेतलं. अल्ताई ॲक्सेंटरचा थवा तेवढा रस्त्यावर दाणे टिपताना मिळाला. समोर नंदादेवी आणि त्रिशूल इतके स्वच्छ की अर्धा वेळ दुर्बीण तिकडेच होती.

परतताना रामनगरला कोसीच्या पात्रात आयबिसबिल. करड्या गोट्यांत करडा पक्षी. लाल बाकदार चोच हलली नसती तर आजही तिथेच शोधत बसलो असतो. त्याच्या अख्ख्या कुळात तो एकटाच आहे, दुसरी जात नाही. पलीकडच्या दरडीवर वॉलक्रीपर, दर पावलाला पंख फडकवून किरमिजी रंग दाखवणारा.

एकूण १४३ जाती, त्यातल्या माझ्यासाठी ३१ नव्या. फोटो खाली.

मनमौजी | २ फेब्रुवारी, रात्री ११:०५

जबरी! चीरबद्दल अभिनंदन. टॉनी फिश आउल नेमका कुठल्या झाडावर होता? पुढच्या आठवड्यात निघतोय. पिन टाकलीत तर फार बरं होईल.

निवांत काका | ३ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

छान लिहिलंय. टेसियाचं "तीन सेकंद" वाचून हसू आलं, माझा हिशेब अगदी तोच आहे.

नव्याने जाणाऱ्यांसाठी दोन अनुभवाचे बोल. कॅमेऱ्याची बॅटरी थंडीत अर्ध्यावर येते, म्हणून जादाची बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. "संपलेली" बॅटरीही गरम केल्यावर पुन्हा थोडी चालते. दुसरं, बाहेरून आल्या आल्या गरम खोलीत लेन्स काढू नका. बॅग तशीच बंद राहू द्या तासभर. मी एकदा उत्साहाने फोटो बघायला कॅमेरा काढला, काचेवर आतून दव धरलं आणि दुसरी सकाळ पुसण्यात गेली.

चंडोल | ३ फेब्रुवारी, सकाळी ९:२०

वृत्तांत आवडला. आयबिसबिलचं वर्णन तर फारच.

टकाचोर, एक शंका आहे, राग मानू नका. ती मादी चीरची होती हे कशावरून ठरवलंत? तुरा, लाल कातडी आणि तपकिरी अंग हे तिन्ही कलीजच्या, म्हणजे तिथल्या नेहमीच्या फेजंटच्या, मादीलाही असतं. आणि जागा खटकते. दाट बांजाच्या रानात, रस्त्याकडेला, दुपारी आरामात फिरणारी मादी म्हटलं की त्या भागात पहिलं नाव कलीजचं येतं. फोटोत शेपूट आलंय का?

टकाचोर | ३ फेब्रुवारी, दुपारी १:१५

चंडोलताई, राग कसला. पण कलीज आम्ही सातताललाच डझनभर पाहिले होते, त्यामुळे तो ओळखता येत नाही असं नाही. ही अंगाने मोठी वाटली. शिवाय गाडीचालकही "चीर, चीर" म्हणाले. शेपूट अर्धं गवताआड आहे.

चंडोल | ३ फेब्रुवारी, दुपारी ४:४०

सातताललाही नरच जास्त पाहिले असतील, हो ना? काळा-पांढरा नर लगेच डोळ्यात भरतो, मादीकडे आपण दुर्लक्ष करतो. मीही केलंय. "मोठी वाटली" याचा उपयोग नाही हो. थंडीत पिसं फुलवली की सगळेच मोठे वाटतात.

तीन गोष्टी बघा. चीरच्या शेपटीवर रुंद, ठळक आडवे पट्टे असतात, नराच्या आणि मादीच्याही. कलीजच्या मादीचं शेपूट तांबूस-तपकिरी, बाजूची पिसं काळपट, ठळक पट्टे नाहीत. दुसरं, चीर मादीच्या छातीवर काळे ठिपके दाट असतात, लांबून छाती ठिपकेदार दिसते. कलीज मादीची पिसं फिकट काठाची, म्हणून ती खवल्याखवल्यांची दिसते. "खवल्याखवल्यांचं अंग" हे तुमचेच शब्द आहेत.

तिसरी गोष्ट जागा. चीर हा दाट जंगलातला पक्षी नाहीच. त्याला हवा उभा, गवताळ, झुडपांचा, मधूनमधून कातळ फुटलेला उतार, जिथे आपला पाय घसरेल. चोचीने जमीन खणून कंद-मुळं खातो, हिवाळ्यात लहान टोळीने राहतो, आणि कड्याजवळ मुक्काम करतो. माणूस अगदी अंगावर येईतो गवतात दबून बसतो, मग उताराच्या दिशेने एकदम झेप घेतो. रस्त्यावर उभा राहून पंधरा सेकंद फोटो देणं हा त्याचा स्वभाव नाही.

रानवाट | ३ फेब्रुवारी, रात्री ८:३०

माणूस इतक्या हौसेने लिहितोय, पहिलाच मोठा दौरा, आणि आपण शेपटीवरचे पट्टे मोजतोय. असेल चीर, नसेल चीर. त्यांना आनंद झाला ना? यादी त्यांची, आनंद त्यांचा. नवीन लोकांना असंच घाबरवलं तर कोण लिहील इथे?

चंडोल | ३ फेब्रुवारी, रात्री ९:१०

आनंद त्यांचाच आहे, तो कोण काढून घेतंय? पण त्यांनी ही यादी ई-बर्डवरही (पक्षीनोंदींचं जागतिक संकेतस्थळ) टाकली असणार, आणि तिथे ती फक्त त्यांची राहत नाही. चीर "असुरक्षित" गटात आहे, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. कुठल्या उतारावर आहे आणि कुठून नाहीसा झालाय, हे अशाच नोंदींवरून कळतं. बांजाच्या रानात चीर दाखवणाऱ्या दहा नोंदी झाल्या की गवताळ उतार गेला तरी "पक्षी आहे की" असं म्हणायला कागद तयार.

टकाचोर | ३ फेब्रुवारी, रात्री ११:५०

आत्ता मित्राकडून मूळ फाइल मागवून मोठ्या पडद्यावर बघितली. मोबाइलवर जे गवत वाटत होतं ते शेपूटच आहे. तांबूस, बाजू काळपट, पट्टा एकही नाही.

कलीज. मादी.

आम्ही चौघांनी वळणावर एकमेकांना मिठ्या मारल्या होत्या हे मी वर लिहिलं नव्हतं, आता लिहून टाकतो. एका कलीजसाठी. ई-बर्डवर दुरुस्ती केली. १४३ चे १४२. धाग्याच्या शीर्षकात कंस वाढवलाय, वृत्तांत मात्र आहे तसाच ठेवतो, नाहीतर खालचे प्रतिसाद निराधार होतील. आणि गाडीचालक बिचारे "चीर" नाही, "तीर" म्हणत असावेत की काय, देव जाणे. त्यांना दोष नाही. मला चीर हवा होता, म्हणून चीर ऐकू आला.

सगळ्यात जास्त चुटपूट कशाची लागलीय सांगू? "मिळालाच आहे" म्हणून विनायकला साडेआठलाच उठलो.

रानवाट | ४ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

मोठ्या मनाचा माणूस. माझा प्रतिसाद मागे.

माळरान | ४ फेब्रुवारी, सकाळी १०:१५

नोंद खरी असण्याचा विषय निघालाच आहे तर आपल्याच मातीतली गोष्ट सांगतो. थोडं अवांतर आहे, पण फार नाही.

रानपिंगळ्याचं (फॉरेस्ट आउलेट, एक छोटं घुबड) पहिलं वर्णन पक्षीतज्ज्ञ ह्यूमने १८७३ मध्ये केलं. संग्रहालयांत मिळून सातच नमुने. खानदेशात जेम्स डेव्हिडसनने गोळा केलेल्या पक्ष्यांनंतर, म्हणजे १८८४ नंतर, खात्रीची नोंद नाही. अपवाद एकच: कर्नल माइनर्ट्झहागेन याने १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला मिळाल्याचा दावा केलेला नमुना. नंतर शोधणाऱ्यांनी अर्थातच ती सर्वांत ताजी नोंदही धरली. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने तपासले तेव्हा उघड झालं की हा नमुना त्याने चोरलेला, नव्याने भरलेला, खोटी चिठ्ठी लावलेला आहे. मूळ पक्षी डेव्हिडसनचाच! ती नोंद बाजूला ठेवून, जुन्या खऱ्या जागांच्या मागे रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट गेले. नोव्हेंबर १९९७ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, भर दिवसा उघड्या फांदीवर बसलेला रानपिंगळा त्यांना मिळाला. ११३ वर्षांनी.

टकाचोरच्या कलीजची आणि त्या कर्नलच्या लबाडीची तुलना करत नाहीये हां. तिकडे चोरी होती, इकडे साडेचारचं ऊन.

झुळूक | ४ फेब्रुवारी, दुपारी १२:०५

माळरान, भारी माहिती. मग हिमालयातल्या लावरीचं काय? नैनितालचंच नाव असतं ना त्यात?

माळरान | ४ फेब्रुवारी, दुपारी २:५०

हो, हिमालयन क्वेल. ग्रे यांनी १८४६ मध्ये वर्णन केलं. मसुरीजवळ बिनोग आणि झडीपानी भागात १८६० च्या दशकात मिळाली, आणि शेवटची खात्रीची नोंद १८७६ ची, नैनितालच्या शेर का डांडावरची. म्हणजे टकाचोर ज्या गावातून किलबरीकडे निघाले, त्याच्या डोक्यावरचाच डोंगर. जगभरात दहा-बारा नमुने. नर गडद करडा, डोक्यावर काळं-पांढरं, चोच लाल. लहान टोळीने उंच गवतात राहायची, पायाखाली येईतो उडायची नाही, आणि जुन्या नोंदी बऱ्याचशा हिवाळ्यातल्या.

सवयी वाचून काही आठवतंय? उभा गवताळ उतार, दबून बसणं, टोळी. चीरचाच संसार, लहान आकारात. म्हणून चीर शोधणाऱ्या प्रत्येकाच्या मनात कोपऱ्यात ती लावरी असते, कोणी कबूल करो न करो. कागदोपत्री ती अजून नामशेष ठरलेली नाही, "अति संकटग्रस्त"च आहे.

शेर का डांडाची बाजू १८ सप्टेंबर १८८० ला कोसळली आणि १५१ माणसं गेली. त्या डोंगराकडे बघताना मला लावरीच्या आधी ते आठवतं.

झुळूक | ४ फेब्रुवारी, दुपारी ३:१०

म्हणजे सापडू शकते?

माळरान | ४ फेब्रुवारी, दुपारी ३:४०

रानपिंगळा उघड्या फांदीवर बसतो, तरी ११३ वर्षं लागली. ही गवतात लपते. पण ज्या डोंगरावर इतकी माणसं दुर्बिणी घेऊन फिरतात, तिथे दीडशे वर्षं एकही फोटो नाही, हेही तितकंच खरं. मी पैज लावणार नाही, कुठल्याच बाजूने.

चंडोल | ४ फेब्रुवारी, सायंकाळी ५:३०

त्या गवताबद्दल थोडं. लोकांना वाटतं की माणूस गेला की पक्षी वाढतात. चीरचं तसं सरळ नाही. कुमाऊंतले हे उतार गावातल्या बायका पावसाळ्यानंतर कापतात, जनावरांसाठी. कापणी, चराई थोडीफार झाली तर झुडपं माजत नाहीत, उतार उघडा राहतो आणि चीरला चालतो. फार झाली तर लपायला जागा उरत नाही. सगळंच सोडून दिलं तर रान चढतं आणि चीर निघून जातो. म्हणून गवताळ उतार दिसला की "ओसाड आहे, झाडं लावा" म्हणणाऱ्यांची मला धास्ती वाटते.

एकदा गेला की आणणं अवघड. इस्लामाबादजवळच्या मारगल्ला टेकड्यांत तो संपला होता. १९७० च्या दशकापासून इंग्लंडहून अंडी आणून, उबवून, वाढवून पक्षी सोडायचे प्रयत्न झाले. टिकले नाहीत.

लेन्सवाला | ५ फेब्रुवारी, सकाळी ८:००

सगळं ठीक, पण एवढा वेळ कोणाकडे आहे? चाळीस मिनिटं टेसियासाठी बसण्यापेक्षा स्पीकरवर त्याचाच रेकॉर्ड केलेला कॉल लावला असता तर दोन मिनिटांत समोर आला असता. विनायकलाही तेच. सगळेच लावतात.

निवांत काका | ५ फेब्रुवारी, सकाळी ८:४५

"सगळेच लावतात" हीच तर अडचण आहे रे बाबा. साततालच्या ओढ्यावर जानेवारीत एका सकाळी पाच-सहा गट येतात. प्रत्येकाची दोनच मिनिटं. पण टेसिया एकच. तो प्रत्येक वेळी धावत बाहेर येतो, शत्रू शोधतो, सापडत नाही. हिवाळ्याचा दिवस लहान, रात्र लांब आणि गोठवणारी. पाच-सहा ग्रॅमच्या पाखराला दिवस मावळायच्या आत रात्रभर पुरेल एवढी चरबी साठवायची असते. त्याची सकाळ आपण खर्च करतो.

लेन्सवाला | ५ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

मग हाइडमध्ये (लपून फोटो काढायच्या आडोशात) दाणे टाकतात ते चालतं वाटतं? तिथे बसलेले सगळे साधुसंत?

निवांत काका | ५ फेब्रुवारी, सकाळी १०:१०

तो मुद्दा बरोबर आहे, मला उत्तर देता येत नाही. मीही हाइडमध्ये बसलोय, फोटोही काढलेत. दाण्याने निदान पोट भरतं, असं मनाला समजावतो. पण एकाच जागी इतकी पाखरं रोज जमली की शिकरा पण तिथेच जमतो, हेही पाहिलंय.

लेन्सवाला | ५ फेब्रुवारी, सकाळी १०:२५

काका, तुम्ही मान्य केलंत म्हणून मीही करतो. टेसियाला पुढच्या वेळी बसून बघेन. चाळीस मिनिटांचं वचन देत नाही.

मनमौजी | ५ फेब्रुवारी, दुपारी १२:००

सगळं वाचलं. घुबडाचं झाड तेवढं राहिलं.

टकाचोर | ५ फेब्रुवारी, रात्री ९:५५

मनमौजी, झाड नाही सांगणार, व्यक्तिगत निरोपातही नाही. दिवसाची झोपायची जागा एकदा पसरली की तिथे मांडव पडतो. ओढ्याच्या काठाने संध्याकाळी शांत चाला, तुमचं तुम्हाला भेटेल.

मंडळी, दुसरंच काम आहे. विनायकच्या पहाटेचं रेकॉर्डिंग टाकलंय, साडेसहा मिनिटांचं. वारा आहे, माझं नाक ओढणंही आहे, क्षमस्व. कोकलास सुरुवातीलाच स्पष्ट आहे, तो "कोक-कोक-कोकरास". पण चार मिनिटांच्या पुढे, उजाडताना, खालून दरीतून काहीतरी वेगळं येतंय. तेव्हा कोकलासच समजून सोडलं होतं. हेडफोन लावून ऐका. यावेळी मी काहीही नाव घेत नाही.

चंडोल | ६ फेब्रुवारी, सकाळी ६:१५

चार मिनिटं अठरा सेकंदांपासून ऐका. कोकलास खरखरीत आवाजात एकदा ओरडून थांबतो. हा शिट्टीसारखा, कर्कश, आणि चढत जातो: "चिर-अ-पिर, चिर-अ-पिर, चिर चिर", मध्येच दुसरा आवाज त्याला मिळतो. निदान दोन पक्षी. स्वतःचं नाव ओरडणारा पक्षी आहे हा. मी पाच वेळा ऐकलं. मला चीर वाटतोय. पण तीन दिवसांपूर्वीच तुमच्याकडून पट्टे मोजून घेतलेत, तेव्हा आणखी दोघांनी ऐकून सांगावं.

माळरान | ६ फेब्रुवारी, सकाळी ८:२०

ऐकलं. चीर. जागा कुठली? रस्ता जिथे उघड्या गवताळ बाजूला येतो तीच ना, खाली कातळ असलेली?

टकाचोर | ६ फेब्रुवारी, सकाळी ८:३५

तीच. आम्ही पाठ करून त्रिशूलचे फोटो काढत होतो.

निवांत काका | ६ फेब्रुवारी, सकाळी ९:००

माझे कान साठीचे, उंच पट्टीचं फारसं ऐकू येत नाही, त्यामुळे मत देत नाही. पण त्रिशूलचे फोटो छान आहेत.

झुळूक | ६ फेब्रुवारी, सकाळी ९:१२

मग आता १४२ की १४३? नुसता ऐकलेला धरतात का?

चंडोल | ६ फेब्रुवारी, सकाळी ९:५०

नोंदीत धरतात, "ऐकला" असं लिहून, रेकॉर्डिंग जोडून. स्वतःच्या यादीत धरायचा की नाही हा ज्याच्या त्याच्या हट्टाचा प्रश्न. मी धरत नाही. माझ्या यादीत कोकलास अकरा वर्षं नव्हता, रोज ऐकून.

टकाचोर | ६ फेब्रुवारी, रात्री १०:३०

ई-बर्डवर "ऐकला, दोन" असं रेकॉर्डिंगसकट टाकलं. माझ्या वहीत १४२ च ठेवलेत. सोबतच्या तिघांना फोन केला. दोघं आनंदले, तिसरा म्हणाला की आता पुन्हा त्याच जागी सहा वाजता उभं राहायचं का? मी हो म्हटलंय. या वेळी सूर्य पुरता वर येईपर्यंत, आणि तोंड दरीकडे करून. मार्चच्या पहिल्या आठवड्यात, गवत आणखी वाळलेलं असताना. कोणाला यायचं असेल तर कळवा, स्कोप आहे, ट्रायपॉड वाहायला माणूस हवा.

मनमौजी | १४ फेब्रुवारी, रात्री ८:०५

आत्ताच परतलो. घुबड मिळालं! तिसऱ्या संध्याकाळी, एकट्याला, टॉर्च न लावता. झाड विचारू नका.